हुनर घरचा, ड्रॉइंग मात्र दुसऱ्याचे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत एकच प्रश्न फिरू लागतो: मुलाला कुठे टाकायचे? उत्तरेही ठरलेली असतात. मार्क भरपूर असतील तर मेडिकल, नाहीतर कॉम्प्युटर. मार्क कमी असतील तर "गॅरेजवर बसव" किंवा "मामूच्या वर्कशॉपला लाव." या दोन टोकांच्या मध्ये एक चांगला, इज्जतीचा आणि आपल्या समाजाच्या हाताला सर्वांत जवळचा पेशा उभा आहे. तो मात्र क्वचितच कुणी सुचवते. तो पेशा म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरचा.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कारखान्यातल्या मशीनकडून येणारी माहिती गोळा करायची आणि ती वाचता येईल अशी मांडायची, हा माझ्या कामाचा एक भाग. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस बहुतेक वेळा मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर असतो. त्याच कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांची रांग असते आणि त्या रांगेत आपली मुले दिसतात. वेल्डिंग करणारी, लेथ चालवणारी, फिटिंगमध्ये वाकबगार. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर मात्र ती फार कमी दिसतात. गेट ते खुर्ची हे अंतर कशाने कापता येईल, हा आजच्या संपादकीयाचा विषय आहे.

आधी हे काम नेमके काय, ते पाहू. डिझाइन इंजिनिअर वस्तू कशी असावी हे ठरवतो. ऑपरेटर मशीन चालवतो. या दोघांच्या मधला माणूस ठरवतो की तीच वस्तू रोज शेकड्यांनी, एकसारखी, परवडणाऱ्या खर्चात आणि कुणाचे बोट न कापता कशी बनेल. कोणते काम आधी, कोणते नंतर. जॉब कशात पकडायचा. कोणते टूल, किती स्पीड. कुठे तपासायचे, कशाने मोजायचे. हे सगळे तो कागदावर आणतो आणि शॉपवर उतरवतो.

एक साधे गणित घ्या. कारखाना दोन पाळ्यांत चालतो. जेवण आणि चहा वगळून एका पाळीत साडेसात तास काम होते, म्हणजे दिवसाला 900 मिनिटे. गिऱ्हाइकाला रोज 900 नग हवेत. म्हणजे लाइनवरून दर मिनिटाला एक नग बाहेर पडला पाहिजे. यालाच टॅक्ट टाइम म्हणतात. आता भोक पाडायच्या मशीनला एका नगाला 80 सेकंद लागत असतील तर काय करायचे? दुसरे मशीन घ्यायचे, की दोन भोके एकाच वेळी पाडणारे टूल बनवायचे, की जॉब चढवण्या-उतरवण्यात जाणारे 25 सेकंद नव्या फिक्स्चरने 5 वर आणायचे? पहिल्या उपायाला मोठी रक्कम लागते, तिसऱ्याला डोके लागते. तिसरा उपाय शोधणाऱ्या माणसाची कारखान्याला नेहमीच गरज असते.

अशा डोक्याची ताकद किती, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जपानमधले आहे. 1969 मध्ये टोयोटाच्या कारखान्यात 1000 टनांच्या एका प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने तिथल्या लोकांबरोबर बसून तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. मुख्य युक्ती कुणालाही समजेल अशी होती. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामे वेगळी काढायची आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामे आधीच उरकून ठेवायची. पुढची डाय जवळ आणून ठेवणे, बोल्ट आणि पाने हाताशी लावून ठेवणे, ही कामे प्रेस थांबण्याची वाट का पाहतील? आपल्याकडचा कुशल सेटर हे ऐकून हसेल आणि म्हणेल, "हे तर आम्ही करतोच." बरोबर आहे. पण शिंगोंनी ते मोजले, लिहिले आणि दुसऱ्याला शिकवता येईल असे केले. मिस्तरी आणि इंजिनिअर यांच्यात फरक आहे तो इथे.

टोयोटाचीच गोष्ट थोडी मागे नेली तर ती थेट मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या दारात येते. टोयोटाचा उगम मोटारीत नाही, मागात आहे. सकीची टोयोडा हे एका सुताराचे पुत्र. त्यांनी आयुष्यभर माग सुधारले. धागा तुटला की माग आपोआप थांबेल, अशी सोय त्यांनी केली. धागा तुटलेला असताना माग चालत राहिला तर वारभर कापड वाया जाते आणि ते टाळायला प्रत्येक मागावर एक माणूस डोळे लावून उभा ठेवावा लागतो. माग स्वतःच थांबू लागला आणि एक कामगार अनेक माग सांभाळू शकला. 1924 मध्ये त्यांचा स्वयंचलित माग तयार झाला. तो न थांबता धोटा बदलत असे. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क घेतले. सकीचींचे चिरंजीव किचिरो टोक्योच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले होते. मागाच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या बळावर त्यांनी मोटारीचे प्रयोग केले आणि 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. "चूक झाली की काम आपोआप थांबले पाहिजे" हे मागावरचे तत्त्व आज जगभरच्या मोटार कारखान्यांत शिकवले जाते.

आपल्या घरांतही तीन-तीन पिढ्या माग चालला. ताणा-बाणा आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. धाग्याच्या आवाजावरून माग बिघडल्याचे ओळखणारी माणसे आपल्यात आहेत. सुताराच्या मुलाने माग सुधारला आणि त्याचा मुलगा इंजिनिअर झाला, ही पायरी मात्र आपल्याकडे फार थोड्या घरांत चढली गेली. औरंगाबादचा हिमरू, मुरादाबादचे पितळकाम, अलिगढची कुलुपे, बिदरचे बिदरीकाम, भिवंडीचा यंत्रमाग: हुनर आपला, पण माल काय बनायचा, किती बनायचा आणि किती भावाने जायचा, हे बहुतेक वेळा दुसरा ठरवतो. ड्रॉइंग त्याच्या हातात असते.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात या चित्राच्या दोन्ही बाजू आहेत. मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात असल्याचे समितीने नोंदवले आणि वस्तुनिर्माणात मुस्लिमांचा सहभाग मोठा असल्याचेही दाखवले. त्याच अहवालानुसार देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या 50 विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम होता. म्हणजे वस्तू बनवणारे हात भरपूर, पण वस्तू कशी बनवायची हे ठरवणाऱ्या वर्गात आपण नगण्य. आपल्या मुलांच्या वाट्याला कारखाना येतोच. त्यात ती कोणत्या दाराने शिरतात, एवढेच ठरायचे बाकी असते.

मग कमी काय पडते? माझ्या मते तीन गोष्टी: ड्रॉइंग, मोजमाप आणि नोंद.

ड्रॉइंगवर "25 एच7" असे लिहिलेले असते. वर्कशॉपमधला पोरगा म्हणतो, "पंचवीसचे भोक, टाइट बसले पाहिजे." इंजिनिअर वाचतो की भोक 25.000 मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि 25.021 पेक्षा जास्त नको. मुभा आहे 21 मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. अनुभवी हात हे भोक पाडतोही. पण "अंदाजाने बरोबर" आणि "मोजून बरोबर" यांत धंद्याचा फरक आहे. मोठी कंपनी अंदाज विकत घेत नाही. प्रक्रिया किती भरवशाची आहे हे ती आकड्यात मागते. त्या आकड्याला सीपीके म्हणतात. तो 1.33 असेल आणि माप मधोमध असेल, तर गणिताप्रमाणे दहा लाख नगांत साधारण 63 नग मापाबाहेर जातात. हे गणित बारावीच्या संख्याशास्त्रापेक्षा फार पुढचे नाही. ते आपल्या मुलांना कुणी शॉपच्या भाषेत शिकवले नाही, एवढेच.

आता करिअरच्या वाटा पाहू. पहिली वाट दहावीनंतरच्या डिप्लोमाची. तीन वर्षांचा मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन डिप्लोमा आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. दहावीनंतर एकूण सहा वर्षे, म्हणजे अकरावी-बारावी करून पदवी घेणाऱ्याइतकीच. शिवाय मध्ये घरची अडचण आली तर हातात डिप्लोमा असतो आणि नोकरी मिळू शकते. दुसरी वाट आयटीआयची. दोन वर्षांचा टूल अँड डाय मेकर, मशिनिस्ट किंवा फिटर ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. "आयटीआय म्हणजे शिक्षण संपले" हा समज काढून टाकला पाहिजे. ती पहिली पायरी आहे. तिसरी वाट टूल रूमची. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथली इंडो-जर्मन टूल रूम आणि हैदराबादची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन या केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखालच्या संस्था आहेत. तिथे मूल वर्गात कमी आणि मशीनवर जास्त शिकते.

पदवीनंतर गेट परीक्षेत प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. त्यातून एनआयटी आणि आयआयटीत एमटेक करता येते. मुंबईच्या पवईतली नीटी ही संस्था 2023 पासून आयआयएम मुंबई झाली आहे आणि कारखान्याचे व्यवस्थापन शिकायचे असेल तर ते नाव लक्षात ठेवावे.

अप्रेंटिसशिपबद्दल आपल्याकडे फार कमी माहिती आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. आयटीआयच्या मुलांसाठी तशी डिप्लोमा आणि पदवीधरांसाठीही सोय आहे. त्याची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. ज्या घरात ओळख नाही, शिफारस नाही, त्या घरातल्या मुलाला मोठ्या कारखान्यात कागदोपत्री शिरण्याचा हा सरळ रस्ता आहे. कंत्राटदाराच्या मागे फिरण्याआधी तो वापरायला हवा.

नोकरीची पहिली तीन वर्षे शॉपवर काढावीत. रात्रपाळी, तेलाचा वास, रिजेक्शनवरून ऐकावी लागणारी बोलणी, हे सगळे त्यात येते. या काळात चार गोष्टी पक्क्या कराव्यात: ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सची भाषा, मायक्रोमीटरपासून सीएमएमपर्यंतची मोजमापाची साधने, सीएनसीचा प्रोग्राम वाचणे आणि सुधारणे, आणि मोटार उद्योगात लागणारी एफएमईए, कंट्रोल प्लॅन, पीपीएपी ही कागदपत्रे. ऑपरेटरशी नाते चांगले ठेवावे. वीस वर्षे तेच मशीन चालवणाऱ्याला जे माहीत असते, ते कुठल्याही पुस्तकात नसते. आपल्या मुलांची इथे जमेची बाजू आहे. ज्याचे वडील मिस्तरी, त्याला मिस्तरीशी बोलायचे कसे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

चौथ्या वर्षापासून नव्या मॉडेलची लाइन उभी करण्याच्या कामात शिरावे. मशीनची निवड, लेआउट, फिक्स्चरची ऑर्डर, पहिला नग मंजूर होईपर्यंतची धावपळ, हे ज्याने एकदा निभावले त्याला बाजारात किंमत असते. त्याच वेळी पीएलसी आणि थोडे पायथन, एसक्यूएल शिकावे. ज्या कारखान्यांत सॉफ्टवेअर बसवायचे असते, तिथे कोड लिहिणारे मिळतात. "या मशीनचा कोणता आकडा महत्त्वाचा आहे" हे सांगणारे कमी मिळतात. आठ-दहा वर्षांनी प्लांटची जबाबदारी, पुरवठादारांचा विकास, सल्लागारी किंवा स्वतःचे वर्कशॉप, अशा वाटा फुटतात. वडिलांचे चार लेथचे शेड आणि मुलाचे पीपीएपीचे ज्ञान एकत्र आले तर तेच शेड मोठ्या कंपनीचा मान्यताप्राप्त पुरवठादार होऊ शकते.

दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असतो. ट्रेनी इंजिनिअर म्हणून घेतात आणि वर्षभर लाइनवर ऑपरेटरचे काम करून घेतात, असेही होते. म्हणून मुलाखतीतच विचारावे: वर्षभरानंतर कायम करणार का, काम कोणत्या विभागात, शिकवणार कोण? उत्तर गोलमोल असेल तर सावध व्हावे. एक-दीड वर्षात नवे काही शिकायला मिळत नसेल तर जागा बदलावी.

आणखी एक गोष्ट आपण आपसात बोलतो, बाहेर बोलत नाही. ती आडनावाची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश होती. दलित नावालाही ती कमीच होती. हा अन्याय आहे आणि संविधानाच्या चौकटीत त्याविरुद्ध बोलत राहणे हे आपले काम आहे. पण ते काम चालू असताना आपल्या मुलांना रिकाम्या हाताने थांबवून ठेवता येणार नाही. भेदभाव सर्वांत जास्त चालतो तो जिथे निवड ओळखीवर आणि "आपला माणूस" पाहून होते तिथे. जिथे मोजता येणारे कौशल्य आणि नोंदलेले काम दाखवता येते, तिथे निदान त्याला तोंड द्यायला हातात काहीतरी असते. "मी या लाइनवर सेटिंगचा वेळ 70 मिनिटांवरून 22 वर आणला, ही नोंद" असे सांगणाऱ्याला नाकारणे अशक्य नाही, पण अवघड नक्कीच आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत जुना दाखलाही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. ते बेळगावला आले, सायकलीचा धंदा केला, लोखंडी नांगर बनवला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. अपमान त्यांचाही झाला होता. पण ड्रॉइंगची विद्या हाताशी होती, म्हणून त्यातून पुढे काही उभे राहू शकले.

मुलींचा विचार वेगळा करण्याची गरज नाही, पण तो राहून जातो म्हणून लिहितो. घरात बसून शिलाई, जरी आणि पॅकिंगचे काम नगावर करणाऱ्या आपल्या बायका वस्तुनिर्माणातच आहेत. फक्त त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नाही. त्यांच्या लेकी क्वालिटी, प्रोसेस प्लॅनिंग, मेट्रॉलॉजी, सीएडी-सीएएम या विभागांत का जाऊ नयेत? यातले बरेच काम दिवसपाळीत होते. कारखान्यात रात्रपाळीला बायकांना असलेली मनाई महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींसह शिथिल केली. कायद्याने दार उघडले आहे. घरातले दार आपल्याला उघडायचे आहे.

आता आपल्या संस्थांकडे येऊ. आपल्या शिक्षणसंस्थांनी इंजिनिअरिंग कॉलेजे आणि तंत्रनिकेतने काढली, हे मोठे काम झाले. पण अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या जागा भरतात आणि मेकॅनिकलच्या रिकाम्या राहतात. म्हणून मेकॅनिकल बंद करायचे, हा सोपा मार्ग आहे. अवघड पण योग्य मार्ग असा की त्या प्रयोगशाळा शनिवार-रविवारी आसपासच्या वर्कशॉपसाठी खुल्या कराव्यात. मिस्तरींना ड्रॉइंग वाचायला शिकवा, त्यांच्या पोरांना मायक्रोमीटर हाताळू द्या, आणि मिस्तरींना विद्यार्थ्यांसमोर उभे करून त्यांचा हुनर शिकवू द्या. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक शिक्षक, चार साधने आणि एक फळा पुरतो. मोहल्ला समित्या आणि वाचनालयांनी निकालाच्या दिवसांत डॉक्टर आणि वकिलांबरोबर एखाद्या प्लांट इंजिनिअरलाही बोलवावे. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टांनी टूल रूमच्या फीसाठी काही जागा राखाव्यात. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. त्याचा फॉर्म भरून देणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत असावा.

हे सगळे आत्ताच का? जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने महाराष्ट्र सरकारबरोबर छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन परिसरात प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. सुताराच्या मुलाने मागापासून सुरू केलेली ती परंपरा हिमरूच्या शहराच्या दारात येत आहे. असे कारखाने उभे राहायला काही वर्षे लागतात. तेवढ्याच काळात आज दहावी झालेला मुलगा डिप्लोमा आणि पदवी पूर्ण करतो.

कारखाना सुरू होईल तेव्हा आपली मुले तिथे जातीलच, रोजगार त्यांना ओढून नेईल. ती गेटवरच्या रांगेत उभी राहणार की ड्रॉइंग उघडून बसणार, हे मात्र कारखाना सुरू झाल्यावर ठरणार नाही. ते या वर्षीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ठरणार आहे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर तो फॉर्म भरण्याआधी एकदा त्याच्याशी या विषयावर बोला. आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करणारा एखादा हुशार पोरगा तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्याशी जरूर बोला.